कंपनीचे बिऱ्हाड कोठे?

यंदाच्या व्याख्यानमालेची पत्रिका गावात वाटली गेली, तेव्हा नवापूरच्या बंदरावर जाळे विणीत बसलेल्या एका वयस्क तांडेलांनी मला हटकले. म्हणाले, "भाऊ, तू पगारवाढीचा माणूस. तुला आयकराची उठाठेव कशाला? आणि तीही परदेशी कंपन्यांच्या?" प्रश्न रास्त होता. मी वकील नाही, हिशेबतपासनीसही नाही. नववीनंतर शाळा सुटली, बोईसरला येऊन कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, आणि पुढे युनियनच्या कामात पडल्यावर शब्दकोश शेजारी ठेवून जे वाचता आले ते वाचले. तेव्हा आज जे सांगणार आहे ते पंडिताचे प्रवचन नव्हे. एका प्रश्नाने मला वीस वर्षांपूर्वी छळले, त्या प्रश्नाचा माग काढता काढता जे हाती लागले त्याची ही हकीकत आहे.

पालघर तेव्हा स्वतंत्र जिल्हा झालेला नव्हता. आपण ठाणे जिल्ह्यात होतो. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने एक खाते बंद करण्याची नोटीस लावली. कारखान्याचे नाव सांगत नाही, त्याची आज गरजही नाही. बेचाळीस माणसांच्या पोटाचा प्रश्न होता. आम्ही कारखान्याच्या व्यवस्थापकांकडे गेलो. ते सज्जन होते. म्हणाले, "मी निव्वळ टपालवाला आहे. वरून आले ते मी फळ्यावर लावले." वर म्हणजे मुंबईची कचेरी. तेथे सांगण्यात आले की निर्णय सिंगापूरचा आहे. सिंगापूरला पत्र घातले, तर उत्तर आले की निर्णय कोणा एका व्यक्तीचा नसून संचालक मंडळाचा आहे. संचालक तिघे. एक मुंबईत, एक सिंगापुरात, तिसरा युरोपातील एका गावी. बैठक कोठे झाली, असे विचारले तेव्हा कळले की ती टेलिफोनवर झाली.

आता सांगा, बैठक झाली कोठे? तारेत? आम्ही मोर्चा न्यावा तर कोणाच्या दारावर?

हे रडगाणे मी एका ओळखीच्या हिशेबतपासनीसांपुढे गायिले, तेव्हा ते हसले. म्हणाले, "तुम्ही जो प्रश्न विचारता तोच प्रश्न आयकर खाते गेली सव्वाशे वर्षे विचारते आहे. कंपनीचा मेंदू कोठे बसतो? फरक इतकाच, की तुम्हाला बोलणी करायची असतात आणि त्यांना कर घ्यायचा असतो." त्या दिवसापासून मला या विषयाची गोडी लागली.

प्रथम मूळ गोष्ट. कोणतेही सरकार दोन नात्यांनी कर मागते. एक नाते उत्पन्नाच्या जागेचे: पैसा माझ्या हद्दीत मिळाला, म्हणून त्यावरचा कर मला दे. दुसरे नाते रहिवासाचे: तू माझ्या घरचा, म्हणून जगात कोठेही कमावलेस तरी हिशेब मला दे. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले. ते अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारून दिले होते. अशी कंपनी येथे येऊन काम करते तेव्हा येथे जे मिळविते तेवढ्यापुरती ती आपल्या कायद्याच्या कक्षेत येते. पण म्हणून ती काही येथली रहिवासी होत नाही. ब्राझीलमध्ये तिने काय कमावले याच्याशी आपला संबंध नसतो. मात्र एखादी कंपनी भारताची रहिवासी ठरली, की ब्राझीलचाही हिशेब येथे मांडावा लागतो.

आकड्यांत बोलू. समजा, एक कंपनी परदेशात नोंदलेली आहे. तिची वर्षाची उलाढाल २०० कोटी रुपये, जगभरचा नफा २० कोटी, आणि त्यांपैकी ५ कोटी भारतातून आलेले. परदेशी कंपनीवरील आयकराचा दर पूर्वी ४० टक्के होता, तो २०२४ च्या अर्थसंकल्पाने ३५ टक्के झाला. अधिभार वगैरे बाजूला ठेवले, तर अनिवासी म्हणून तिला ५ कोटींवर पावणेदोन कोटी कर पडेल. तीच रहिवासी ठरली, तर २० कोटींवर ७ कोटी. परदेशात भरलेल्या कराची वजावट नियमांप्रमाणे मिळेल हे खरे. पण जेथे करच नाही अशा बेटावर नफा ठेवला असेल, तर वजा काय करणार? म्हणूनच 'बिऱ्हाड कोठे' या भोळ्या दिसणाऱ्या प्रश्नावर मोठमोठे बॅरिस्टर उभे राहतात.

माणसाचे बिऱ्हाड शोधणे सोपे. तो कोठे जेवतो, कोठे निजतो, वर्षातले किती दिवस कोठे असतो, ते मोजता येते. कंपनी जेवत नाही आणि निजत नाही. तिला शरीर नाही. आहे तो नोंदणीचा एक कागद. आपल्या होडीचेच पाहा ना. होडीच्या कडेला नोंदणीचा क्रमांक रंगविलेला असतो. त्यावरून ती कोणत्या बंदराची ते कळते. मालक घरी असतो. पण दर्यात जाळे कोठे टाकायचे आणि वारा फिरला तर केव्हा परतायचे, हे ठरवितो तांडेल. होडी कोणाची असे विचाराल तर मालकाची. होडी कोण चालवितो असे विचाराल तर तांडेल. कंपनीच्या बाबतीत जगातल्या कायद्यांचे दोन पंथ पडले ते येथेच. अमेरिका क्रमांक पाहते: जेथे नोंदणी तेथे रहिवास. इंग्लंडने तांडेल पाहण्याची रीत पाडली.

आणि ती रीत पडली ती आपल्याच देशातल्या एका गिरणीवरून, हे वाचून मला आश्चर्य वाटले. कलकत्त्याजवळ इशापूरला तागाची गिरणी होती. ताग येथला, मजूर येथले, माल येथे तयार व्हायचा. पण कंपनी नोंदलेली इंग्लंडात आणि संचालक बसत लंडनला. १८७६ साली तेथल्या न्यायालयाने निकाल दिला की ही कंपनी लंडनची रहिवासी आहे, सबब तिच्या सगळ्या नफ्यावर इंग्लंडात कर लागेल. ज्या तागावर इकडे घाम गळत होता, त्या नफ्याचे घर तिकडे ठरले. भागधारकांत इकडचे लोकही होते, पण त्यांचे काही चालले नाही.

पुढचा मोठा निकाल १९०६ चा, हिऱ्यांच्या डी बिअर्स कंपनीचा. ही कंपनी दक्षिण आफ्रिकेत नोंदलेली. खाणी किंबर्लीला, मुख्य कचेरी किंबर्लीला, भागधारकांच्या सभाही तेथेच. पण संचालकांपैकी बरेचसे इंग्लंडात राहणारे, आणि मंडळाच्या बैठका दोन्हीकडे होत. आज ज्याला आपण 'निरनिराळ्या देशांतले संचालक' म्हणतो तो प्रकार तेव्हाही होताच. हाउस ऑफ लॉर्ड्सने पाहिले की हिऱ्यांची विक्री, नफ्याची वाटणी, पैशांची गुंतवणूक अशा कळीच्या बाबतींत शेवटचा शब्द लंडनच्या बैठकीचा असे. निकाल झाला: मध्यवर्ती कारभार आणि ताबा खरोखर जेथे आहे, तेथे कंपनीचा रहिवास. निर्णय कोठे घेतला याला वजन. तो कोठे अमलात आणला याला नाही. किंबर्लीच्या खोल खाणीत हजारो माणसे राबत होती, पण कंपनी राहत होती लंडनच्या एका टेबलाभोवती.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढेही १९५३ साली असाच एक खटला आला. न्यायमूर्ती छागला मुख्य न्यायाधीश होते तो काळ. कंपनीचा धंदा सिलोनमध्ये जहाजांवरील मालाच्या चढउताराचा, तो पाहणारे लोक तिकडे. पण संचालक मंडळ मुंबईत. न्यायालयाने म्हटले, तिकडच्या माणसाला मुखत्यारपत्र दिले म्हणून मालकीचा मेंदू तिकडे जात नाही. रहिवास येथलाच.

आता कोणी चतुर माणूस म्हणेल, बैठका जेथे होतात तेथे जर रहिवास, तर बैठका सोयीच्या गावी घेऊ म्हणजे झाले! लोकांनी तसे केलेच. त्यावरचा १९५९ चा इंग्लिश निकाल माझ्या विशेष आवडीचा आहे. एका इंग्लिश मंडळीच्या तीन उपकंपन्या केनियात नोंदलेल्या होत्या. त्यांच्या नियमावलीतच लिहिलेले की संचालकांच्या बैठका इंग्लंडात होता कामा नयेत. पण धंदा बसू लागला, तेव्हा लंडनच्या मूळ कंपनीने सारी सूत्रे हाती घेतली आणि केनियाचे संचालक नुसते बाजूला उभे राहिले. न्यायालयाने नियमावली बाजूला सारली आणि म्हटले, कारभार कोणी करायला हवा होता हे आम्ही पाहत नाही; कोणी केला ते पाहतो. रहिवास इंग्लंडचा. गंमत अशी, की या खटल्यात आम्ही इंग्लंडचेच रहिवासी असा दावा कंपनीच्याच बाजूने केला होता, कारण त्यात कराची सवलत मिळत होती! रहिवास नाकारण्यात नेहमीच फायदा असतो असे नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हॉलंडमधल्या एका कंपनीच्या संचालकांपुढे इंग्लंडातल्या सल्लागारांनी तयार कागद ठेवले आणि त्यांनी सह्या केल्या. कर खात्याचे म्हणणे, हे नुसते सहीचे धनी. पण २००६ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ते मानले नाही. सल्ला दुसऱ्याचा असला तरी सही करायची की नाही हे त्यांनी ठरविले, त्यांचा अधिकार कोणी हिरावून घेतला नव्हता. तेव्हा रहिवास हॉलंडचा. सल्ला देणे वेगळे आणि हुकूम सोडणे वेगळे. ही रेघ फार बारीक आहे, आणि खटले होतात ते या रेघेवरच.

आपल्या देशात १९६१ च्या आयकर कायद्याने काय केले? भारतात नोंदलेली कंपनी ही नेहमीच भारताची रहिवासी, तिचे संचालक चंद्रावर बसेनात का! १९७३ च्या परकी चलन कायद्यानंतर अनेक परदेशी कंपन्यांनी आपल्या येथल्या शाखांच्या भारतीय कंपन्या केल्या. आज बोईसरला ज्यांच्या फाटकावर परकी नाव झळकते त्यांपैकी पुष्कळ कारखाने कायद्याच्या दृष्टीने भारतीय कंपनीचेच असतात. त्यांच्याबाबत हा वादच नाही. वाद आहे तो बाहेर नोंदलेल्या कंपन्यांचा. आणि त्यांच्यासाठी जुन्या कायद्यात एक मोठे भगदाड होते. परदेशी कंपनीचा ताबा आणि कारभार त्या वर्षी 'संपूर्णपणे' भारतात असेल तरच ती रहिवासी, असे शब्द होते. मग काय, वर्षभर मुंबईतून कंपनी हाका आणि एखादी बैठक दुबईला घ्या; 'संपूर्णपणे' हा शब्द गळाला, की कंपनी सुटली. मूळ मालक येथलाच, धंद्याची अक्कल येथलीच, फक्त कागद एखाद्या बेटावर, असे प्रकार या भगदाडातून सुखाने ये-जा करीत. म्हणजे 'परदेशी कंपनी' म्हटले की गोरा साहेब डोळ्यांपुढे आणू नका. या कायद्याच्या जाळ्यात सापडणारा मासा पुष्कळदा आपल्याच खाडीतला असतो.

२०१५ च्या वित्त अधिनियमाने हे शब्द बदलले. पुढे एक वर्षाची मुदतवाढ मिळून नवी कसोटी २०१७-१८ या करनिर्धारण वर्षापासून लागू झाली. धंदा एकंदरीत चालविण्यासाठी लागणारे कारभाराचे आणि व्यापाराचे कळीचे निर्णय वस्तुतः जेथे घेतले जातात, ती जागा भारतात असेल तर कंपनी भारताची रहिवासी. कायद्यात तिला 'प्रभावी व्यवस्थापनाचे स्थान' म्हणतात. मी आपली खऱ्या कारभाराची जागा म्हणतो. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरलेल्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही कसोटी कायम आहे.

'वस्तुतः' या शब्दात सगळे आले. पण अधिकाऱ्याने वस्तुस्थिती शोधायची कशी? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २४ जानेवारी २०१७ रोजी त्यासाठी मार्गदर्शक परिपत्रक काढले. ते मी तीन वेळा वाचले. युनियनच्या माणसाने वाचावे असेच ते आहे.

आधी ते विचारते, कंपनीचा बाहेर खराखुरा धंदा आहे काय? तिचे निम्म्याहून कमी उत्पन्न व्याज, भाडे, लाभांश असे बसल्या जागचे असेल, आणि मालमत्ता, नोकरवर्ग व पगारखर्च या तिन्हींत भारताचा वाटा निम्म्याहून कमी असेल, तर धंदा बाहेरचा मानावा. अशा कंपनीच्या बहुसंख्य बैठका बाहेर होत असतील तर तिचा कारभारही बाहेरचाच धरावा. म्हणजे कामगार किती, कोठे आणि त्यांना पगार किती, याची मोजदाद या कायद्याने प्रथमच रहिवासाच्या तराजूत घातली. पण त्यालाही अपवाद आहे: मंडळ नुसते बसून राहते आणि सूत्रे येथल्या मालक-कंपनीच्या किंवा येथे राहणाऱ्या व्यक्तीच्या हाती आहेत असे दिसले, तर हा कौल फिरतो. केनियाची ती हकीकत पुन्हा आठवा.

खरा धंदा बाहेर नसेल, तर मग तपास दोन पायऱ्यांनी होतो. कळीचे निर्णय खरोखर कोण घेतो, हे आधी; आणि ते तो कोठे बसून घेतो, हे मागून. येथे निरनिराळ्या देशांत बसलेल्या संचालकांची गोष्ट येते. टेलिफोनवर वा पडद्यावर बैठक झाली तर? परिपत्रक म्हणते, अशा वेळी निर्णय घेणारी माणसे किंवा त्यांच्यातील बहुसंख्य सामान्यतः कोठे राहतात, ते पाहावे. ठराव फिरवून एकेकाची सही घेतली असेल, तर असे किती वेळा होते, कसल्या ठरावांबाबत होते आणि सह्या करणारे कोठे असतात, ते पाहावे. एका दिवसाचे छायाचित्र काढून भागत नाही. वर्षभराचा व्यवहार पाहावा लागतो. माझ्या वीस वर्षांपूर्वीच्या 'बैठक तारेत झाली काय' या प्रश्नाला असे सरकारी उत्तर मिळाले.

काय पाहू नये, हेही सांगितले आहे, आणि ते न्याय्य आहे. कंपनी भारतीय मालकाची आहे, किंवा एखाद-दुसरा संचालक भारतात राहतो, एवढ्याने ती येथली होत नाही. कारखान्याच्या व्यवस्थापकाचे रोजचे निर्णय मोजायचे नाहीत. आमचे ते टपालवाले साहेब खरेच बोलत होते म्हणायचे! अधिकाऱ्याने उठून कोणाही कंपनीला रहिवासी ठरवू नये म्हणून चौकशीपूर्वी वरिष्ठ आयुक्तांची संमती आणि निष्कर्षापूर्वी तिघा आयुक्तांच्या मंडळाची संमती लागते. आणि वर्षाची उलाढाल ५० कोटी रुपयांपर्यंत असेल तर हे सारे लागूच नाही. ही शेवटची सवलत मला जरा उदार वाटते. पाच कागदी कंपन्या करून उलाढाल वाटून घेण्याची कला आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही.

दोन पंथांच्या मधल्या फटीत काय घडते, याचा अस्सल नमुना अमेरिकेच्या सिनेटच्या चौकशीत मे २०१३ मध्ये पुढे आला. ॲपल या संगणक कंपनीची एक उपकंपनी आयर्लंडात नोंदलेली होती. संचालक तिघे, दोघे कॅलिफोर्नियात, एक आयर्लंडात. सहा-सात वर्षांत मंडळाच्या ३३ बैठका झाल्या, त्यांपैकी ३२ कॅलिफोर्नियात. आयर्लंडचा संचालक त्यांतल्या अवघ्या सातांत होता, आणि त्यांपैकी सहा वेळा टेलिफोनवर. आता पाहा मौज. अमेरिका नोंदणी पाहते. म्हणाली, ही आमची नाही, आयर्लंडची. आयर्लंडचा कायदा तेव्हा कारभार पाहत होता. तो म्हणाला, कारभार तर अमेरिकेत, ही आमची नाही. अब्जावधी डॉलर जिच्या तिजोरीतून गेले, ती कंपनी जगात कोठेच राहत नव्हती! माझ्या पालावरच्या वीटभट्टी मजुराला रेशनकार्डासाठी रहिवासाचा दाखला मिळत नाही, म्हणून तो रडतो. आणि येथे दाखला नसणे हेच भांडवल. पुढे आयर्लंडने आपला कायदा बदलला.

याच्या उलट दोन्ही देशांनी 'ही आमची' म्हटले तर? त्यासाठी देशादेशांत करार असतात. पूर्वी बहुतेक करारांत खऱ्या कारभाराची जागा जेथे, त्या देशाकडे कंपनी जाई. २०१७ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नमुना करारात दोन्ही सरकारांनी बसून ठरवावे असे आले आहे.

आता तांडेलांच्या मूळ प्रश्नाकडे येतो: कामगाराला याचे काय? एक, बोनस. १९६५ च्या बोनस कायद्यात ढोबळ नफ्यातून प्रत्यक्ष कर वजा करून शिल्लक काढीत. त्या शिलकीचा ६० टक्के भाग बोनससाठी धरायचा. पण ज्या कंपनीने लाभांश भारतात जाहीर करून देण्याची आयकर कायद्यात सांगितलेली व्यवस्था केलेली नाही, तिच्या बाबतीत ६७ टक्के. म्हणजे कंपनी घरची की बाहेरची, यावर शंभरात सात रुपयांचा फरक. या तरतुदीने मला आयकराचे पुस्तक पहिल्यांदा उघडायला लावले. बोनसचा हा विषय नंतर २०१९ च्या वेतन संहितेत गेला.

दुसरे, जबाबदारी. आपल्या नवापूरच्या किनाऱ्याशी औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याची नळवाहिनी येते. त्या पाण्याबद्दल मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. पाणी कोठे सोडले हे नाकाला कळते. ते सोडण्याचा खर्च वाचविण्याचा निर्णय कोणत्या गावी झाला, हे कागद पाहिल्याशिवाय कळत नाही.

कागद पाहता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे भारतीय कंपनीचा निदान एक संचालक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला असावा लागतो. मंडळाच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात आणि दोन बैठकांत १२० दिवसांहून अधिक खंड पडता कामा नये. संचालकांची नावे आणि वार्षिक विवरणे कंपनी निबंधकाकडे असतात. थोडी फी भरून कोणालाही पाहता येतात. बैठकांचे इतिवृत्त मात्र आपल्याला मिळत नाही.

त्या बेचाळीस जणांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. आम्ही तिन्ही संचालकांना एकाच मजकुराची तीन पत्रे घातली: तुमच्यापैकी ज्याने ठरविले त्याने बोलावे. युरोपातून उत्तर आले की आपण फक्त संमती कळविली होती. सिंगापूरचे गृहस्थ म्हणाले की आपण मुंबईच्या टिपणावर सही केली. मग मुंबईच्या संचालकांना बोईसरला यावे लागले. तीन बैठका झाल्या, त्या मात्र समोरासमोर. एकोणतीस माणसे दुसऱ्या खात्यात घेतली गेली. तेरा जणांनी नुकसानभरपाई घेऊन काम सोडले, त्यांतले दोघे आज याच बंदरावर होडीवर जातात.